खान्देशच्या उन्हाळ्यात केकचं आयसिंग: कोणतं निवडायचं, कसं फेटायचं, कसं लावायचं

केकवर काय लावायचं ते फोटो बघून ठरवलं की फसगत होते. केक कापला जाईल तिथे त्या वेळी पारा किती असेल, यावर ते ठरतं. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरात केलेले असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात दुपारी ४३-४५ अंश सहज होतात, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. लोणी २८-३० अंशांना लिबलिबीत होतं, पस्तिशीच्या आसपास पार वितळतं. म्हणून जो केक डिसेंबरात धुळ्याला दिवसभर ताठ उभा असतो, तोच आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अर्ध्या तासात एका अंगाला कलतो. त्यात करणाऱ्याच्या हाताचा काही दोष नसतो.

ऑर्डर घेताना चव आणि रंग नंतर विचारा. आधी तीन गोष्टी: केक किती वाजता कापणार, कुठे कापणार (एसी हॉल, घर की अंगणातला मंडप) आणि नेणार कशावरून. 'बारा वाजता कापायचा आहे' याचा अर्थ आपल्याकडे दीड असा धरून चाला. मामा आल्याशिवाय सुरी हातात घेत नाहीत. तो दीड तास केक बाहेर असणार, हे गृहीत धरूनच आयसिंग निवडायचं.

कोणत्या दिवसांत काय

मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत: घरात कापायचा आणि लगेच खायचा केक असेल तर नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम चालतं. बाहेर थांबणार असेल किंवा लांब जाणार असेल तर घट्ट गनाश, म्हणजे चॉकलेटवर गरम क्रीम ओतून केलेलं आयसिंग. लोण्याचं बटरक्रीम या काळात फक्त एसी हॉलसाठी घ्या, नाहीतर सरळ नाही म्हणा.

पावसाळ्यात पारा उतरतो, पण हवा दमट होते. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या केकला घाम फुटतो. मे महिन्यात हा त्रास फारसा होत नाही, कारण तेव्हा आपली हवा कोरडी ठणठणीत असते. केक मऊ लवकर पडतो, पण त्यावर पाण्याचे थेंब धरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. त्यामुळे साखरेच्या पापडीचं सगळं काम, म्हणजे फॉन्डंट, त्याची फुलं, बाहुल्या, पावसाळ्यात डोकेदुखी ठरतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीही करा. बटरक्रीमची हौस भागवायची ती याच दिवसांत.

व्हिपिंग क्रीम

दुकानातल्या 'फ्रेश क्रीम'च्या छोट्या खोक्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटा, ताठ उभं राहत नाही. ते गनाशसाठी उत्तम, केकवर लावायला निरुपयोगी. दुधाचं खरं व्हिपिंग क्रीम ३० ते ३५ टक्क्यांचं मिळतं, चवीला सगळ्यात चांगलं, पण उन्हाळ्यात टेबलावर दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोडायला लागतं. आपल्याकडच्या बेकऱ्यांत जे वापरतात ते नॉन-डेअरी क्रीम: वनस्पती तेलाचं, साखर आधीच घातलेलं, गोठवून येणारं. त्यात वरून साखर घालायची नाही. घेताना लेबल वाचा. ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत हवं, असा नियम २०२२ पासून आहे. सुटं, बिनलेबलाचं क्रीम स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

१ किलोच्या केकचा हिशेब असा: स्पंज ५०० ग्रॅम, पाक १२० ते १५०, न फेटलेलं क्रीम ३५० ग्रॅम. फेटल्यावर क्रीमचं आकारमान तिप्पट-चौपट होतं, वजन तेवढंच राहतं. अर्ध्या किलोला १८० ग्रॅम धरा. वर भरपूर फुलं काढायची असतील तर आणखी ५०.

गोठलेलं खोकं आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, १० ते १२ तास लागतात. घाईत ओट्यावर वितळवू नका, कडेचं गरम आणि मधलं दगड राहतं. फेटताना क्रीम ७ ते १० अंशांना हवं. बर्फाचे दोन-चार कण दिसत असतील तर उलट चांगलं. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये एवढ्याने भागत नाही. मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात भांडं बसवा. मिठामुळे वितळणारा बर्फ शून्याच्याही खाली जातो आणि बीटरने येणारी उष्णता मारली जाते. परातीतलं पाणी क्रीममध्ये उडणार नाही एवढं भांडं खोल हवं.

पहिलं मिनिट-दीड मिनिट बीटर सगळ्यात हळू चालवा, मग मध्यम करा. तीन-चार मिनिटांनी बीटरच्या मागे रेषा उमटू लागतात. आता दर वीस सेकंदांनी थांबून काडी उचलून बघा. टोक वाकून खाली बघत असेल तर ते थर भरायला आणि केक झाकायला योग्य. टोक ताठ उभं असेल तर फुलं काढायला. म्हणजे एकाच भांड्यातलं क्रीम दोनदा काढायचं: आधी मऊ असताना झाकण्यापुरतं, मग उरलेलं आणखी अर्धा मिनिट फेटून नोझलसाठी. सगळं एकदम ताठ करून मग केक गुळगुळीत होत नाही म्हणून पॅलेट नाईफ (क्रीम पसरायची लांब, बोथट सुरी) फिरवत बसणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. जितकं फिरवाल तितकं क्रीम अजून फेटलं जातं आणि जाळी पडते.

जाळी पडलेलं, खरबरीत क्रीम टाकून देऊ नका. न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन चमचे घाला आणि बीटर न लावता स्पॅच्युलाने सावकाश फिरवा, पुन्हा तुकतुकीत होतं. म्हणून खोक्यातलं थोडं क्रीम नेहमी मागे ठेवावं. हा उपाय नॉन-डेअरीसाठी. दुधाचं क्रीम जास्त फेटलं तर लोणी आणि पाणी वेगळं होतं. तिथून परत येता येत नाही. ते लोणी गाळून पोळीला लावा.

एकदा वितळलेलं क्रीम पुन्हा गोठवायचं नाही. फेटलेलं क्रीम झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. झाकण घट्टच हवं. क्रीम आणि लोणी आजूबाजूचा वास ओढून घेतात, आणि ज्या फ्रीजमध्ये वांग्याचं भरीत किंवा काळ्या मसाल्याची शेवभाजी ठेवलेली असते तिथे उघड्या व्हॅनिला केकची काय गत होते ते सांगायला नको.

गनाश: आपल्या हवेचा खरा सोबती

उन्हाळ्यात एकच आयसिंग शिकायचं असेल तर हे. सगळं प्रमाणात आहे. डार्क चॉकलेटला थंडीत चॉकलेट आणि क्रीम सारखं घेतलं तरी चालतं. उन्हाळ्यात दोनास एक: ४०० ग्रॅम डार्क कंपाउंडला २०० ग्रॅम फ्रेश क्रीम. एवढ्यात ७ इंची, १ किलोचा केक आतून-बाहेरून होतो. व्हाइट चॉकलेट मुळातच मऊ, त्याला तीनास एक, आणि मे महिन्यात चारास एक लागतं.

कंपाउंड की खरं चॉकलेट? खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणूनच ते जिभेवर विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते; चव थोडी मेणचट, पण टेम्परिंगची (ठरावीक तापमानाला वितळवून-गार करण्याची) कटकट नाही, उन्हात थोडं जास्त तग धरतं आणि किंमत कमी. निम्मं-निम्मं घेतलं तर चव आणि टिकाव दोन्ही बऱ्यापैकी सांभाळले जातात.

चॉकलेट बारीक चिरा. मोठे तुकडे राहिले की गुठळ्या. क्रीम मंद आचेवर ठेवा आणि कडेला बुडबुडे दिसले की उतरवा, खळखळ उकळू देऊ नका. चॉकलेटवर ओता, भांडं हलवून सगळे तुकडे बुडवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध लहान वर्तुळात ढवळायला लागा. आधी मध्ये चकचकीत ठिपका तयार होतो, तो वाढवत कडेपर्यंत न्या. पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावून झाका. लावण्याजोगं घट्ट व्हायला थंडीत चार-पाच तास पुरतात. मे महिन्यात बाहेर ते घट्ट होणारच नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी ढवळा, नाहीतर कडा दगड आणि मधलं पातळ असा प्रकार होतो.

गनाशवर तेल तरंगलं, चिरल्यासारखं दिसलं, तर ते फाटलं आहे: क्रीम फार गरम होतं किंवा चॉकलेटच्या मानाने ओलावा कमी पडला. कोमट दूध एक-एक चमचा घालून मधूनच ढवळा, जुळून येतं. नुसतं चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा एखादा थेंब पडला तर ते गोळा होऊन बसतं. तेव्हा मात्र घाबरून आणखी गरम करू नका, गरम क्रीम घालून त्याचंच गनाश करून टाका.

लोण्याचं बटरक्रीम

२०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन चमचे दूध, व्हॅनिला, चिमूटभर मीठ. बटर १८ ते २० अंशांना हवं: बोटाने दाबलं तर खळगा पडतो पण बोट चकाकत नाही. हिवाळ्यात सकाळी धुळ्याकडे दोन तास बाहेर ठेवूनही ते कडक असतं. उन्हाळ्यात पाच-दहा मिनिटं पुरतात. आधी नुसतं बटर पाच मिनिटं पांढरटसर होईपर्यंत फेटा, मग साखर तीन-चार हप्त्यांत.

घरचं लोणी वापरायचा मोह होतो. त्यात ताकाचा अंश आणि पाणी किती राहिलं आहे याचा नेम नसतो, म्हणून क्रीम फुटतं आणि आंबूस वास येतो. वापरायचंच तर गार पाण्याने धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग मलमलच्या कापडात फ्रीजमध्ये रात्रभर टांगायचं. आयसिंग शुगर घरी करता येते: एक वाटी साखरेला एक चमचा कॉर्नफ्लोअर. मिक्सर थांबत-थांबत फिरवा, भांडं तापलं की साखर ओलसर होते. मग मलमलमधून गाळा. पिठाच्या चाळणीतून जाणारी साखर बटरक्रीममध्ये दातांखाली करकरते.

फेटताना दही फाटल्यासारखं दिसलं तर बटर फार थंड आहे. भांड्याच्या बाहेरून गरम ओलं फडकं दहा सेकंद लावून पुन्हा फेटा. ओघळत असेल तर उलट, दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

ज्यांना एवढी गोडी नको त्यांच्यासाठी शिजवलेल्या मैद्याचं बटरक्रीम आहे. अंडं नाही, साखर जवळजवळ निम्मी, पोत व्हिपिंग क्रीमच्या जवळ. पाव लिटर दूध, ३५ ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साधी साखर थंड असतानाच एकत्र फेटून घ्या. मंद आचेवर सतत ढवळत घट्ट पिठल्याइतकं करा, मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत. ते पूर्ण गार होऊ द्या. जरा कोमट राहिलं तरी बटर वितळतं. मग २२५ ग्रॅम फेटलेल्या बटरमध्ये चमचा-चमचा घालत फेटत राहा.

फॉन्डंटबद्दल थोडक्यात. व्हिपिंग क्रीमवर ते कधीच बसवू नका, क्रीममधल्या पाण्याने विरघळतं. खाली गनाश किंवा बटरक्रीम हवं. ७ इंची केकला ५०० ग्रॅम लागतं, जाडी ३ ते ४ मिलिमीटर. आणि काम कूलरसमोर करू नका. कूलर हवेत पाणी मिसळून ती गार करतो; त्या दमट झोतात फॉन्डंट चिकट होतं, आयसिंग शुगरला गुठळ्या येतात आणि कूलरच्या गवतातली धूळ केकवर बसते ती वेगळीच. उन्हाळ्यात काम पहाटे पाच ते आठमध्ये उरकणं हा त्यातल्या त्यात खरा उपाय.

केकवर लावणं

स्पंज आदल्या दिवशी करा. कोमट स्पंजवर कोणतंही आयसिंग टिकत नाही. जाळीवर गार झाला की लगेच प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये. आपल्या कोरड्या हवेत उघडा स्पंज दोन तासांत कडेने वाळतो. दुसऱ्या दिवशी वरचा घुमट कापून सपाट करा आणि करवती सुरीने तीन चकत्या करा.

पाक पातळ हवा: ५० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी, उकळून गार केलेला. १ किलोच्या केकला प्रत्येक चकतीवर ४० ते ५० मिली, ब्रशने, कडेला जास्त आणि मध्ये कमी. ओतलात तर खालची चकती लगदा होते आणि कापताना केक बसतो.

बोर्डच्या मधोमध क्रीमचा ठिपका देऊन पहिली चकती चिकटवा, म्हणजे गाडीत सरकत नाही. पाक, मग ७० ग्रॅम क्रीम, पसरून सपाट. जॅम किंवा क्रश घालायचा असेल तर आधी कडेने क्रीमचा बांध घाला आणि तो आत भरा. बांध नसेल तर तो बाजूने बाहेर झिरपतो आणि वरून कितीही क्रीम लावलं तरी डाग दिसतो. सगळ्यात वरची चकती उलटी ठेवा, टिनच्या तळाची गुळगुळीत बाजू वर येईल अशी.

आता पातळ थर, स्पंज मधूनमधून दिसेल एवढाच. याचं काम फक्त चुरा पकडून ठेवायचं. फ्रीजमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवा. हा थर टाळला की पांढऱ्या केकवर तपकिरी कण येतात. चुरा लागलेला पॅलेट नाईफ क्रीमच्या मूळ भांड्यात परत बुडवू नका, त्यासाठी वेगळी वाटी घ्या.

शेवटच्या थराला क्रीम सढळ हाताने घ्या. गुळगुळीतपणा क्रीम काढून टाकल्याने येतो. आधी वर ढीग टाकून पसरा, कडेबाहेर थोडं लोंबू द्या. मग बाजू भरा. स्क्रॅपर (सरळ कडेची पट्टी) बोर्डावर टेकवून सरळ उभा धरा, हात एका जागी स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल एका दमात फिरवा. हात फिरवायचा नाही, टेबल फिरवायचं. खड्डे दिसले तर तिथे क्रीम भरून पुन्हा एक फेरा. वरच्या कडेला उभी राहिलेली क्रीमची भिंत बाहेरून आत, मधल्या दिशेने हलकेच ओढा, दर वेळी नाईफ पुसून. बटरक्रीम आणि गनाशला शेवटी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसलेली सुरी फिरवली की चकाकी येते. व्हिपिंग क्रीमला गरम सुरी लावू नका.

पायपिंग बॅग अर्धीच भरा. पूर्ण भरलेली बॅग तळहाताच्या उबेने मिनिटभरात सैल होते आणि फुलांच्या पाकळ्या लोळतात. दोन बॅगा करून एक फ्रीजमध्ये ठेवा, आलटून पालटून वापरा.

रंग आणि फळं

जेलचा रंग वापरा, पातळ बाटलीतल्या रंगाने क्रीम सैल होतं. चॉकलेटला तर तेलातलाच रंग चालतो. बटरक्रीमचा रंग तासा-दोन तासांत गडद होतो, म्हणून हवा त्याच्या एक छटा अलीकडे थांबा. लाल आणि काळा रंग पांढऱ्या क्रीममधून काढायला गेलात तर चव कडू होते. काळ्यासाठी सुरुवातच डार्क गनाशपासून करा.

रावेर-यावलची केळी हाताशी असताना ती केकमध्ये घालावीशी वाटणारच. कापलेल्या चकत्या तासाभरात काळ्या पडतात. लिंबू लावून आतल्या थरात घाला, किंवा साखर-बटरमध्ये परतून. वर सजावटीला नको. आमरस थेट क्रीममध्ये घातला की ते पातळ होतं. २०० ग्रॅम रस मंद आचेवर निम्मा आटवा, पूर्ण गार करा आणि शेवटी हलक्या हाताने मिसळा. ताजा अननस किंवा पपई दुधाच्या क्रीमला लावू नका, त्यांतली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि क्रीम कडवट होतं. अननस साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून घेतला की हा धोका जातो.

केक पोचवणं

निघण्याआधी केक किमान चार तास फ्रीजमध्ये हवा, व्हिपिंग क्रीमचा असेल तर शेवटची वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. भारनियमनाचा दिवस असेल तर फ्रीजमध्ये आधीच गोठवलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या ठेवून द्या आणि दार उघडू नका.

जळगाव-भुसावळ अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण दुपारच्या वाहतुकीत तास धरून चला. गाडीत केक सीटवर नको, सीटला उतार असतो. पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागेवर, एसीच्या झोतात. एसी नसेल तर थर्मोकोलचा खोका, तळाशी आणि बाजूला जेल पॅक, त्यांच्यावर जाड पुठ्ठा म्हणजे केकच्या खोक्याला ओल लागत नाही. दुचाकीवर उन्हाळ्यात फक्त अर्धा किलो, तोही गनाशचा. दोन मजली केक मजले वेगळे नेऊन तिथेच चढवा.

घेणाऱ्याला सांगून ठेवा: पोचल्यावर लगेच फ्रीज, क्रीमचा केक कापण्याआधी दहा मिनिटं बाहेर, गनाशचा उन्हाळ्यात वीस मिनिटं. सोबत भरलेली एक पायपिंग बॅग गार डब्यात, पॅलेट नाईफ आणि टिश्यू घेऊन जा. गतिरोधकांनी खालच्या कडेला चीर पडलीच, तर तिच्यावरून शेलची (क्रीमच्या शिंपल्यांची) एक रांग ओढा. ती डिझाइनचाच भाग वाटते.